एदिल्माच्या निळ्या शिरा

...सावलीत बसा म्हणे, सावलीत! आता तुम्हीच सांगा, बारांकियातल्या, भर उन्हाच्या किनाऱ्यावरच्या माणसानं सावली आणायची कुठून? आमच्या दारात एक आंबा, त्याच्या सावलीत आधीच दोन कुत्री, शेजारी आणि त्याचा डॉमिनोचा डाव... पण डॉक्टरीणबाई पडल्या वर डोंगरातल्या बोगोताच्या, तिकडं माणसं ढगातच राहतात, त्यांना काय!

तुम्हाला सांगतो, सगळं सुरू झालं गेल्या कार्निव्हलला. माझी बायको एदिल्मा चाळीस वर्षं कुंबिया नाचते, अनवाणी, एका हातात मेणबत्त्या, दुसऱ्या हातात घागऱ्याचं टोक, आणि मी टोपी हलवत तिच्याभोवती फिरतो, कारण कुंबियात बाईला हात लावायचा नसतो, नुसतं मागं मागं करायचं... माझा संसारही तसाच झाला म्हणा! तर तिनं घागरा उचलला आणि शेजारीण तोमासा ओरडली, "अगं बाई, पायांवर नदीचा नकाशा काढून घेतलास काय? उपनद्यांसकट!" झालं! सगळा रस्ता हसला. अहो, जन्मभर कढईपुढं उभं राहून मक्याच्या आरेपा तळल्यात तिनं, पायांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या निळ्या शिरा उमटणार नाहीत तर काय गुलाब फुलणार? घरी येऊन म्हणाली, "नेमेसियो, मी आता नाचणार नाही." आणि ती नाही म्हटल्यावर मी कुणाभोवती फिरू? विजेच्या खांबाभोवती?

नेलं दवाखान्यात. यंत्र आहे म्हणे, प्रकाशाचा लखलखाट पाडायचा, शीर आतल्या आत करपते. बाई म्हणाल्या, "आजी, कातडी रापलीय. यंत्राला नुसता गडद रंग कळतो, शीर कुठली नि कातडी कुठली ते नाही कळत, भाजेल. दोन महिने सावलीत बसा, रंग उतरला की या." सावलीत बसा म्हणे!

बसली हो! खिडक्या बंद, पायांत जाड मोजे. आमच्याकडं मोजे कोण घालतं? मेलेला माणूस, तोही नाइलाजानं! रोज सकाळी पाय पुढं करायची, "उतरला का हो?" मी म्हणायचो, "थोडासा." खोटं, साफ खोटं... पण तिच्या डोळ्यांकडं बघून तुम्ही तरी काय म्हटलं असतं?

दोन महिन्यांनी बाईंनी पाय पाहिले, मग दंडाची आतली बाजू पाहिली, जिथं ऊन कधी पोचत नाही. तोच रंग! "आजी, हे ऊन नव्हे..."

"नव्हेच बाई," एदिल्मा हळूच म्हणाली, "हा रंग म्हणजे माझी काळी आजी आहे. ती कुठं उतरायची!"

आता गप्प बसावं की नाही मी? पण डास चावला, खाजवायला पँट वर केली! मी जन्माचा न्हावी, दिवसभर उभा, पाय कायम पँटीत. बाई हरखल्याच. "आजोबा, काय गोरे पाय! आणि शिरा कशा ठळक! हे यंत्र अशाच पायांसाठी आहे!"

मी म्हटलं, "नको."

एदिल्मा म्हणाली, "झोपा मुकाट्यानं. घरात कुणाचे तरी पाय सुधारू देत."

झोपलो. काळा चष्मा, लखलखाट, आणि उकळत्या तेलाचे शिंतोडे उडावेत तसे चटके! वर महिनाभर, काय? सावलीत बसा म्हणे!

त्याच महिन्यात एका शनिवारी कुंबियाची मिरवणूक आमच्या दारावरून गेली. आम्ही दोघं बंद खिडकीआड. ढोल वाजत होता, तिची बोटं चौकटीवर ताल धरत होती. म्हटलं, "घरातच नाच की, मी आहे ना." "नको," म्हणाली. मग खाली वाकून तिनं माझी पँट वर केली, हात फिरवला, एक शीर नाही हो, एकसुद्धा! कितीतरी वेळ बघत राहिली, आणि उसासा टाकून म्हणाली, "वाया गेले हे पाय तुमच्यावर!"