कपाळाच्या टेकूची चूक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष अधिष्ठाता डॉ. ट्रेटिन, मंचावरचे मान्यवर पाहुणे, सत्कारमूर्ती प्रोफेसर हिनरिक श्टुकेनब्रॉक, त्यांच्या पत्नी गुड्रूनबाई, श्प्रेवाल्डहून आलेली शेतकरी मंडळी आणि आमच्या फलोद्यान-यंत्र विभागातल्या आजी-माजी सहकाऱ्यांनो,

अध्यक्ष आत्ता म्हणाले, "चौतीस वर्षांत सरांच्या कारकिर्दीवर एकच डाग, तो कपाळाचा टेकू!" सभागृह हसलं. मीही हसले. सवयीने. आधी त्या हसण्याबद्दल बोलते. कौतुक मागून, वेळ उरला तर.

काकडीचं विमान इथे सगळ्यांनी पाहिलंय. ट्रॅक्टरला लांब पंख, पंखांवर वीस माणसं पालथी, खालून वेल सरकतोय आणि काकड्या तोडत हात चाललेत. दिवसभर मान अधांतरी. सरांनी त्या मानेसाठी, कपाळ टेकवायला टेकू बनवला. त्यांचा नियम तुम्हाला ठाऊक आहे: ज्यावर दुसरा राबणार, त्यावर आधी आपल्यापैकी एकाने पूर्ण पाळी काढायची. दहा तास. माझ्या प्रबंधाच्या वर्षी ती पाळी माझ्याकडे आली.

मी तीन तासांत उतरले. मान भरून आली होती, आणि प्रबंध पंधरा दिवसांत द्यायचा होता. उरलेल्या सात तासांच्या नोंदी मी कालव्याकाठी बसून, लोणी-पाव खात लिहिल्या. "त्रास नाही." सात वेळा.

टेकू सहा विमानांवर चढले. जुलैअखेर बायकांच्या माना आखडल्या. पोलंडहून हंगामाला येणाऱ्या दानुताबाई पिओंतेक सरांना शेतातच म्हणाल्या, "प्रोफेसर, एवढा छान टेकू बनवलात, तर तुमची मान ठेवा की त्याच्यावर एकदा!"

सर दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन पालथे झाले. संध्याकाळी दोघांनी धरून त्यांना उतरवलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी." नियतकालिकात तसं छापूनही आणलं. मी शेजारी वही घेऊन उभी होते. दानुताबाईंचा उजवा हात त्यानंतर खांद्याच्या वर गेला नाही. पुढच्या हंगामाला त्या आल्या नाहीत.

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. मधल्या काळात प्रामाणिक नोंदी कशा ठेवाव्यात यावर मी व्याख्यानं दिली. चांगली देते, असंही लोक म्हणतात.

गेल्या गुरुवारी सर खोली आवरत होते, तेव्हा एकदाचं सांगितलं. ते खोक्यात पुस्तकं भरतच राहिले.

"ठाऊक होतं, आंके. दहा तास पालथा पडलेला माणूस जिना धावत चढत नाही. त्या संध्याकाळी तू चढलीस."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला धावताना पाहिलं, तरी तुझ्या नोंदींवर सही केली. ती माझी चूक, ती मी लिहिली. तुझी तू लिहिशील असं वाटलं होतं. दोनेक वर्षं वाट पाहिली गं. मग सोडून दिलं."

अध्यक्षमहाराज, तो टेकू आजपासून माझ्या नावावर धरा. तसं पत्र मी नियतकालिकाला कालच पाठवलंय.

आयोजकांनी बोलू दिलं, आपण ऐकलंत, आभारी आहे. सरांचे आभार कोणत्या तोंडाने मानू? बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर तेवढं पोटात घाला. बाकीची माफी माइकवरून मागायची नाही. सरांच्या आमंत्रणावरून दानुताबाई आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांनी तोंड फिरवलेलं मला इथून दिसतंय. तरी मी खाली उतरून त्यांच्याकडे जाते. कृपा करून टाळ्या वाजवू नका.