अडवलं नाही हो कुणी!

नाही पण मला सांगा, अडवायला कुणाच्या बापाचं काय जात होतं? एक माणूस... एकच माणूस म्हणाला असता ना, की बाई, या वयात कुठे निघालात, गपचूप घरी बसा, तर मी कपाळावर हात मारून ‘काय करणार, जायचं खूप होतं हो, पण लोक ऐकतच नाहीत’ असं म्हणून मोकळी झाले असते! पण नाही. तुम्हाला सांगते, महिनाभर मी माणसामाणसाला गाठून सांगत सुटले की मी युरोपला चाललेय, सोळा दिवस, एकटी, कमीत कमी पैशात... आणि एकानेही अडवलं नाही हो!

आता तुम्ही म्हणाल, मग बरंच झालं की. अहो, बरं कसं? माझं सगळं आयुष्य अडवण्यात गेलंय! एकतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे मी. दोनशे दहा मुली, तीन मजले, एक फाटक आणि त्या फाटकाची किल्ली माझ्या कमरेला. आठला फाटक बंद. आठ म्हणजे आठ. आठ वाजून एक मिनिटाने आलेली मुलगी माझ्या टेबलासमोर उभी राहते आणि मी चष्म्यावरून बघत विचारते, कुठे गेली होतीस, कोणाबरोबर, घरी माहीत आहे का, पालकांचं पत्र कुठाय? मुली माझ्यामागे मला कुलूपबाई म्हणतात. त्यांना वाटतं मला माहीत नाही. मला सगळं माहीत असतं! फक्त मला स्वतःला कुठे जायचं झालं तर पत्र कुणाचं आणायचं, एवढंच काय ते माहीत नव्हतं.

आणि हे खूळ आलं कुठून, तर माझ्याच तोंडातून. एक जुनी मुलगी भेटायला आली होती. तिला आम्ही ‘साडेआठ’ म्हणायचो, कारण चार वर्षांत ती त्याच्या आत कधी परत आली नाही. जिने फाटकाबाहेर सगळ्यात जास्त वेळ काढला ती आता प्रवास कंपनीत मोठी अधिकारी आहे, म्हणजे माझी शिस्त किती कामाला आली ते बघा! तर ती माझ्या खोलीत बसली, माझी कॉट, माझं टेबल, किल्ल्या अडकवायचा खिळा, सगळं अगदी जिथल्या तिथे बघून म्हणाली की मॅडम, तुम्ही कधी एकट्या कुठे गेलाच नाहीत ना हो? आता तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मला लागलं. चांगलंच लागलं! आणि मी ताठ्यात बोलून गेले की न जायला काय झालं, मनात आणलं तर युरोपलासुद्धा जाईन, एकटी. मी आपलं लांबात लांब नाव घेतलं, म्हणजे विषय तिथेच संपेल... तर तिने मोबाइलच काढला! मी ‘अगं थांब, अगं थांब’ करतेय तोवर हिने सगळ्यात स्वस्त विमान धरलंसुद्धा. दोन ठिकाणी उतरून बदलायचं, सामान सात किलो, त्याच्यावर एक रुमाल गेला तरी दंड, खायला काही नाही, आणि पाणी विकत. आणि राहायला सगळ्यात स्वस्त कॉट. कॉट हं, खोली नव्हे! एका खोलीत आठ जणी, एकीच्या डोक्यावर दुसरी अशा चार जोड्या, आणि मला वरची. या गुडघ्यांना शिडी! वर मलाच समजावते, घाबरू नका मॅडम, कॉट काय, विमान काय, येत्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत सगळं रद्द करता येतं.

शेवटचा शुक्रवार म्हटल्यावर मी निश्चिंत झाले. म्हटलं, महिना पडलाय. बाईमाणसाला अडवायला माणसं कधी कमी पडलीयत का?

पण दुसऱ्याच दिवशी तिकडच्या त्या वसतिगृहाचं पत्र आलं मोबाइलवर आणि तुम्हाला सांगते, मी वाचतच राहिले. आमची नियमावली बावीस पानांची आहे, मीच लिहिलीय, अधूनमधून एक पान वाढतं. त्यांची नियमावली सहा ओळींची! आणि त्यातली तिसरी ओळ, दार चोवीस तास उघडं असतं. चोवीस तास! आणि खाली, हा दाराचा आकडा, दाबला की दार उघडेल. मला पाठवला हो त्यांनी! ज्या बाईला बघितलं नाही, जी कुणाची कोण माहीत नाही, तिला घरबसल्या दाराची किल्ली! मी एकतीस वर्षं किल्ल्या उशाखाली घेऊन झोपते, वॉचमनकाकांना तीन वर्षांनी एक किल्ली दिली तीसुद्धा मागच्या कोठीची. मी तो आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि खरंच सांगते, कागदावर जपून उतरवून घेतला. एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता... आणि मीही कुणावर टाकला नव्हता.

तरी मी सोडते का? मी सत्तावीस प्रश्न लिहून पाठवले. हजेरी किती वाजता, कोण घेतं, भेटायला येणाऱ्यांची वेळ कोणती, परगावच्या माणसाचा स्थानिक पालक कोण, उशीर झाला तर खुलासा तोंडी की लेखी, वरच्या कॉटची शिडी हलते का. दोन दिवसांनी उत्तर आलं. एका ओळीचं. ‘या. शिडी पक्की आहे.’ सव्वीस प्रश्नांना उत्तरच नाही, म्हणजे ते प्रश्नच नव्हते हो त्यांच्या लेखी!

मग मी नकाशा घेऊन बसले. साडेआठने सांगितलं होतं, लांबचं अंतर आगगाडीने, जवळचं पायी, पाव आणि फळं दुकानातून घ्यायची, वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात आपलं आपण रांधायचं, थकवा आला की वाचनालयात जाऊन बसायचं, तिथे कुणी उठवत नाही. सगळं वहीत लिहून घेतलं. आणि गाड्यांचं वेळापत्रक बघताना मला दिसलं की एक गाडी सकाळी एका देशातून निघते आणि दुपारच्या जेवणाला तिसऱ्या देशात! मी भिंगाने बघितलं. म्हटलं, मधे फाटक कुठाय? नाही! वॉचमन? नाही! नोंदवही? नाही! एक देश संपतो, दुसरा सुरू होतो, आणि शेतातली गाय इकडचं गवत खाऊन तिकडे जाते. इतकी माणसं, इतक्या भाषा, इतक्या लढाया झालेल्या... आणि आता फाटकच काढून टाकलंय! हे बघायला हवं, असं पहिल्यांदा वाटलं. आणि वाटलं म्हणताच घाबरून नकाशा मिटला. म्हटलं, आता अडवून घेतलेलंच बरं.

आधी आमच्या संस्थेचे अधीक्षक गाठले. सुट्टी म्हटली की हा माणूस आंबट चेहरा करतो, शिपायाला स्वतःच्या लग्नाला दीड दिवस दिला होता याने! मी अर्ज ठेवला, सोळा दिवस. त्यांनी संगणकात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा संगणकात. म्हणाले की मॅडम, तुमची एवढी रजा साठलीय की तुम्ही पायी युरोपला जाऊन याल. आणि सही! मी म्हटलं, अहो पण फाटक? म्हणाले, वॉचमनकाका बघतील. एकतीस वर्षं मी ज्या फाटकापायी आजारी पडले नाही, ते म्हणे वॉचमनकाका बघतील.

मग व्हिसाची खिडकी. सगळे म्हणतात तिथे भलेभले अडकतात. मी मुद्दाम भलीमोठी फाइल नेली, म्हटलं एवढ्या कागदात एक तरी चूक निघेलच. खिडकीतला पोरगा कागद उलटवतोय, उलटवतोय... आणि विचारतो, ‘एकट्याच?’ मी आशेने म्हटलं, हो ना, एकटीच, आणि वय बघा माझं. तर म्हणतो, ‘छान.’ छान म्हणे! आठ दिवसांत पासपोर्ट घरी, आत व्हिसा चिकटलेला.

मग डॉक्टर. त्यांच्यासमोर मी कण्हत बसले, शिडीचं सांगितलं, गुडघा दाबून दाखवला. त्यांनी ठोकून बघितलं आणि म्हणाले की या गुडघ्याला बसूनच गंज चढलाय, चालवा त्याला, बूट मात्र चांगले घ्या. फीसुद्धा घेतली नाही, ही माझ्याकडून प्रवासाला म्हणाले. म्हणजे डॉक्टरनेही अडवलं नाही!

राहिला दादा. माझा थोरला भाऊ. आता हा माझा हुकमी एक्का होता, म्हणून शेवटी ठेवला. कारण बावीस वर्षांची असताना मला परगावी ग्रंथपालाच्या शिक्षणाला जागा मिळाली होती, बॅग भरून दारात ठेवली होती, आणि हाच दादा दारात आडवा उभा राहिला होता. एकटी कशी राहशील? झालं! बॅग आत, मी आत, आणि पुढे जी नोकरी मिळाली ती दुसऱ्यांच्या मुलींना आत ठेवण्याची. तेव्हापासून आयुष्यात काही बिनसलं, दूध जरी नासलं तरी मी मनात म्हणायचे, दादामुळे. तर मी फोन लावला, म्हटलं दादा, मी एकटी युरोपला चाललेय. मी वाट बघतेय, आता म्हणेल, आता म्हणेल... आणि तो म्हणाला, ‘जा गं. तेव्हा अडवलं ते चुकलंच माझं. कितीदा वाटलं सांगावं.’

बोला आता! जवळजवळ पस्तीस वर्षं मी ज्याच्या डोक्यावर खापर फोडत होते, त्याने डोकंच काढून घेतलं हो! मी फोन ठेवला आणि रडले. म्हातारपणी भावासाठी रडले की त्या बावीस वर्षांच्या मुलीसाठी, ते काही मला कळलं नाही. पण रडून झाल्यावर लक्षात आलं की आता अडवणारं खरंच कुणी उरलं नाही. जगात कुणी नाही. एवढं मोकळं... एवढं मोकळं कुणी माणसाला सोडतं का?

आणि उजाडला की शुक्रवार! पावणेपाच वाजता मी ऑफिसात, मोबाइल हातात, साडेआठने दाखवलेलं ‘रद्द करा’चं ते बटण समोर. म्हटलं कुणी अडवत नाही ना, नका अडवू, मीच अडवते मला. मी कोण आहे? कुलूपबाई! बोट उचललं... आणि दारावर टकटक.

तिसऱ्या मजल्यावरची मुलगी. शेवटच्या वर्षाची, कधी मान वर करून न बोलणारी. सोमवारी तिची मुलाखत, दुसऱ्या शहरात, दोन रात्री राहावं लागणार, एकटीने. मी सवयीने हात पुढे केला, पालकांचं पत्र? तिने दिलं. इतकी प्रामाणिक पोर, नकाराचं पत्र घेऊन आली होती! वडिलांनी लिहिलं होतं, पाठवू नये, एकटी कशी राहील.

तुम्हाला सांगते, ते शेवटचे तीन शब्द वाचले आणि माझं डोकं सटकलं. मोबाइलवरचं ते बटण गेलं बाजूला, मी त्याच मोबाइलवरून तिच्या वडिलांना फोन लावला. आणि तो गृहस्थ काय पक्का! मी म्हटलं मुलगी बावीस वर्षांची आहे. ‘तेच तर.’ मी म्हटलं मुलाखत चांगल्या ठिकाणची आहे. ‘इथेही आहेत.’ मी म्हटलं तिथल्या वसतिगृहाच्या रेक्टर माझ्या ओळखीच्या आहेत, मी बोलून ठेवते. ‘तुमची ओळख, आमची नाही.’ वा! असा अडवणारा मी उभ्या आयुष्यात बघितला नाही, माझाच भाऊ शोभेल! मी जितकी कारणं दिली तितकी त्याने मोडली, माझीच बावीस पानं मला वाचून दाखवतोय असं वाटलं. शेवटी म्हणाला, ‘मॅडम, सांगणं सोपं असतं. तुम्ही स्वतः जाल का अशा एकट्या?’

आणि मी म्हटलं, ‘जातेय! सोळा दिवस! परदेशात! वरच्या कॉटवर!’

मग हळूच म्हणतो, खरंच? मी म्हटलं, खरंच. म्हणतो, तिकिटाचा फोटो पाठवा. बघा बरं, एकतीस वर्षं मी आईबापांकडून पुरावे मागितले आणि हा बाप माझ्याकडून मागतो! पाठवला मी. दोन मिनिटांनी त्याचा निरोप आला, तुम्ही एवढ्या लांब जाताय तर हिला जाऊ दे. मी परवानगीच्या कागदावर सही केली, पोरीला दिला, तिने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या डोक्यावरून मला भिंतीवरचं घड्याळ दिसलं. पाच वाजून वीस मिनिटं!

‘गेली वेळ!’ म्हणून मी ओरडलेच. तिने विचारलं म्हणून सांगितलं सगळं. तर ती भोळी पोर म्हणते, मॅडम, ती पाचची वेळ तिथली असते, आपल्याकडे अजून पुष्कळ वेळ आहे, अजून रद्द करता येईल. हो, येईल की! बटण अजून तिथेच होतं. पण त्या बापाला काय तोंड दाखवू? सोमवारी पोरगी मुलाखतीला बसलेली असणार ती माझ्या तिकिटावर! मी मोबाइल टेबलाच्या खणात टाकला आणि वॉचमनकाकांना हाक मारली, म्हटलं किल्ल्या कशा ठेवायच्या ते समजून घ्या.

आता पाच तारखेला निघतेय. सात किलोत बसवतेय आयुष्य. पण राहून राहून एकच वाटतं हो... महिनाभर वणवण करून, एवढ्या मोठ्या जगात, अडवणारा एक माणूस मला सापडला होता. अगदी अस्सल. आणि त्यालाही मीच पटवलं!