कुलपांपुढची दवंडी

तुम्ही सगळे नोकरीतल्या गमती सांगून राहिलात म्हणून माझी बी एक ऐका, पण हसायचं काही न्हाई त्यात.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी तहसिलात कारकून होतो. जिल्हा बदलल्याची दवंडी द्यायला मला अहमदपूरकडच्या डोंगरातल्या एका वाडीत धाडलं. एसटी पायथ्यालाच थांबायची, पुढं दोन तास पायी चढण. वर पोचलो तर कुत्रं सुद्धा भुंकलं न्हाई. विहिरी आटल्या म्हणून समदी माणसं कामाला बाहेर गेलेली. मागं राहिला होता एकटा म्हातारा कोतवाल.

मी म्हणलं, "मामा, ऐकायलाच कुणी न्हाई. कागदावर अंगठा करा, मी जातो."

त्यानं खुंटीवरची हलगी काढली. "माणसं असली की चावडीवर एकदा सांगून भागतंय, साहेब. न्हाईत तं दारोदार सांगावं लागतं."

मग एकेका कुलपापुढं उभा राहून तो हलगी वाजवायचा अन् ओरडायचा, "ऐका हो, आजपासून आपला जिल्हा लातूर." मी मागं मागं. उन्हानं डोकं तापलेलं, मला त्याचा राग यायला लागला.

शेवटच्या दारापुढं त्यानं दवंडी दोनदा दिली.

"इथं दोनदा कशाला?"

"माझंच घर हाय." हलगी खांद्याला अडकवत तो म्हणला, "दोन्ही लेकं पुण्याकडं कुठंतरी हायती. कुणी गाव इचारलं तं अजून जुनाच जिल्हा सांगत असतील."