सुनंची झोप

माझं नाव कौसल्या. माहेर माझं पवन मावळातलं, धरनाच्या पल्याडचं, तितं भाताची खाचरं आन् पावसाळ्यात चार म्हयने चिखल, दुसरं काय न्हवतं. शाळा चौथीपतूर केली, मंग बा म्हनला आता खुरपं धर. लगीन होऊन हिकडं बेगडेवाडीच्या बाजूला आले. मालक माझं ठेकेदाराच्या हाताखाली रेल्वेच्या कामावर खडी उचलायचं, ते माझा लेक संदीप लहान आसतानाच काविळीनं गेलं. तवापासून मी गुलाबाच्या पॉलिहाऊसात कामाला हाय. तुमी रस्त्यानं येताना बगितली आसतील, पांढऱ्या प्लॅस्टिकची लांबच्या लांब घरं, त्यात गुलाब आसत्यात. उजाडायच्या आत जाऊन फुलं तोडायची, खालची पानं काडायची, येका मापाच्या दांड्या जुळवून गड्ड्या बांधायच्या. काटं लागून लागून माझी बोटं अशी झाल्यात बगा, सुईत दोरा वोवता येत न्हाई आता. त्याच बोटांनी संदीपला आयटीआय केलं, त्यो तळेगावला कंपनीत चिकटला, तवा मला वाटलं सुटले मी.

मंग त्यो लाकडाऊन आला. गुलाब तोडावंच लागत्यात, झाडाला काय लाकडाऊन कळतोय, पन गाड्या बंद, मार्केट बंद, म्हनून आमी तोंडाला फडकं बांधून फुलं तोडायचो आन् मागच्या खड्ड्यात वोतायचो. लाल, पिवळी, समदी. सडल्यावर त्याचा वास यायचा त्यो मला आजून नाकात येतो. तर त्याच वर्साला, पावसाळा सरल्यावर, कामशेतच्या आतल्या गावचं स्थळ आलं. पोरगी दीपाली, पुन्याला विद्यापीठात यमेस्सी करत व्हती, केमिस्ट्रीत. मी म्हनलं येवडी शिकलेली पोर आमाला कशी देत्यात, तर मध्यस्त म्हनला, मावशी, होस्टेल बंद झालंय, पोर घरी बसलीय, आन् आत्ता लगीन केलं तर मानसं कमी, मानपान कमी, तिच्या बापाच्या मनात आलंय उरकून घ्यावं. आशी लय लगनं झाली तवा आमच्या भागात. पोरी शिकत व्हत्या, घरी आल्या आन् उजवल्या.

लगीन त्यांच्या दारातच झालं. अंतरपाटाच्या आल्याड पल्याड दोगं मास्क लावून हुभी. पोर दिसायला नीटस, पन डोळ्याखाली काळं. मी म्हनलं हळदीची दगदग आसंल. तिच्या बापानं येकच अट घातली, शिक्षान पुरं करू द्या, समदं मोबाईलवरच हाय. आमी व्हय म्हनलं. मनापासनं म्हनलं, ताई. माझ्या घरात कोन यमेस्सी झाली आसती तर मी आख्ख्या पॉलिहाऊसात पेढं वाटलं आसतं.

घरी आली तशी आठवडाभरातच माझ्या ध्यानात आलं, ही झोपतच न्हाई. मी कामावर जायला उठायची तर ही भिंतीला टेकून बसलेली, डोळं टक्क उगडं. आन् दिसा, भाकरी थापता थापता मान पडायची. मोबाईलवर तिचे सर शिकवायचे, आवाज चालू आन् ही बसल्या जागी पेंगलेली. शेजारची जाऊ म्हनायची, कौसाबाय, सून आनलीस का पावनी, दुपारची घोरती की गं. संदीपची शिफ्ट आसायची, त्याला झोप पायजे, ही रातभर कूस बदलती म्हनून त्यो चिडायचा. त्याचं तरी काय चुकलं, मशीनवर उभं राहनारा मानूस. त्यो म्हनायचा, आई, हिला सांग मोबाईल बंद करून गप पडून राहा. ती मोबाईल बंद करून गप पडून राहायची. पन पडून राहिलं म्हंजे झोप लागती का.

येकदा सुट्टीच्या दिवशी आमी दोगी अंगनात तांदूळ निवडत बसलतो, तवा मी इचारलं, बाय, तुला काय सलतंय, माहेरची आठवन येती का, का संदीप काय बोलतो. ती म्हनली, आत्या, हे लग्नाआधीपासून आहे. मला ती आत्याच म्हनायची, आमच्यात सासूला तसंच म्हनत्यात. म्हनली, होस्टेलला होते तेव्हा सकाळी मेसला जायचं, मग लॅब, मग लायब्ररी, रात्री अंगाचा पार पिट्टा पडायचा आणि पडलं की झोप. एक दिवस सांगितलं सामान भरा आणि निघा. दोन जोड कपडे घेऊन आले, बाकी सगळं तिथंच राहिलं. घरी एकच खोली, दिवसभर टीव्ही, येणारं जाणारं, अभ्यास काय तो रात्रीच व्हायचा. मग अभ्यास राहिला आणि जागरण तेवढं राहिलं. आता डोळे मिटले की छातीत धडधडतं. आत्या, मी कशाची तरी वाट बघत असते, आणि कशाची ते मला कळत नाही.

मी आडानी बाई, म्हनलं दूध पीत जा, पायाला तेल लावत जा. तेल मीच लावायची तिच्या पायाला. आमच्या बायका हसायच्या मला, सासू सुनंचं पाय चोळती म्हनून. आन् खरं सांगू, तेल लावताना मलाच डुलकी लागायची, ती जागीच.

पुडं परीक्षा आली. ती बी मोबाईलवर. आमच्या घरात रेंज जात येत व्हती, म्हनून मी आमच्या पॉलिहाऊसच्या सायबांना इचारलं, सायेब, माझ्या सुनंची परीक्षा हाय, हापिसात बसू द्याल का, तितं वायफाय हाय. चांगला मानूस, म्हनला आना की. त्या दिवशी तिनं चांगला ड्रेस घातला, केस विंचरले, म्हनली आत्या, आज बरं वाटतंय. मला येवडा आनंद झाला व्हता. हापिसाचं दार लोटलं आन् मी भाईर पायरीवर बसले, कोन ट्रॅक्टरवाला आला की बोटानं गप म्हनून सांगायचं, बायांना म्हनायचं जरा लांबून जावा, सून पेपर लिवती आत. समद्या बिचाऱ्या पाय न वाजवता चालल्या.

लय येळ झाला तरी ती भाईर येईना. मंग सायेबच म्हनले, बगा तरी. दार उगडलं तर पोर टेबलावर गालाखाली हात घेऊन झोपलेली. आशी गाढ, तान्ह्या लेकरासारखी, तोंड उगडं. म्होरं मोबाईल तसाच हुभा केलेला, पेपर कवाच बंद झालता. मी तिला येवडी शांत झोपलेली पैल्यांदाच बगत व्हते. हलवावंसं वाटंना, आन् हलवल्याबिगर भागंना. जागी झाली, मोबाईल बगितला, आन् रडली बी न्हाई. मला म्हनली, चला आत्या. वाटंनं चालताना मी बडबडत व्हते, पुना आसती परीक्षा, सरांना फोन लावू, आसं व्हतं कुनाचं बी. ती व्हय व्हय करत व्हती. तिच्या सरांना खरंच फोन लावला, ते बी म्हनले अर्ज करा, बगू. अर्ज तिनं केला न्हाई. बाकीचं पेपर दिलं न्हाईत. पुस्तकं होस्टेलातच राहिलती, ती बी आनाया गेली न्हाई.

मंग माझ्या घरात वाकडं सुरू झालं. संदीप म्हनला, आजारी पोर गळ्यात मारली आपल्या. तिचा बाप आला, पडवीत बसला, मी म्हनलं, पाव्हनं, तुमाला ठावं व्हतं का. ते खाली मान घालून म्हनले, इनबाई, लगीन झालं की सुदरंल वाटलं. आन् ती आतून समदं ऐकत व्हती. मीच तिला तळेगावच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तितं मनाच्या आजाराची डाक्टरीनबाई व्हती, लय मायाळू, म्हनली ही आळशी न्हाई, हा आजार हाय, कॉलेजची लय पोरं येत्यात आशीच, दिवस न्हाई रात न्हाई आशी झालेली. गोळ्या दिल्या. म्हनली लवकर आनली आसती तर बरं झालं आसतं. गोळ्यांनी झोप लागाया लागली, पन उठली की जीभ जड, हात थरथर, चार शबुद बोलली की दमायची. संदीप म्हनला, जलमभर गोळ्या खानारी बायकू मला नगं. मी त्याच्या पाया पडायची बाकी राहिले. येकुलता येक लेक, ताई, आन् मानूस म्हनून वंगाळ न्हाई त्यो. दोगांनी वकिलापुडं फारकतीच्या कागदावर सह्या केल्या. तिनं सही करताना इचारलं बी न्हाई कशावर करती. मंग बाप तिला म्हायेरी घेऊन गेला.

आता संदीपचं दुसरं झालंय, चाकनला खोली घेऊन राहत्यात, त्यांना मुलगी झालीय. भाईर समदं उगडून किती वर्सं झाली, लोनावळ्याला रविवारी पाय ठेवाया जागा नसती, गुलाबाच्या गाड्या भरून जात्यात. मला येकदा वाटलं, म्हायेरी भावजयीचं बोलनं खाती त्यापरीस पोरीला माझ्याकडंच आनावी, दोगी राहू. संदीपला बोलले तर त्यो म्हनला, ती घरात आसंल तर मी नातीला घेऊन उंबरा चढनार न्हाई. नात बी माझीच हाय. मंग काय करनार. हिकडं आड, तिकडं हीर.

सुट्टी मिळाली की कामशेतला जाते. त्यांच्या घराच्या मागं गवत ठेवायची खोली व्हती, तितं खाट टाकून दिलीय तिला. भावजय मला च्या बी इचारत न्हाई, इचारावा तरी का, मी कोन लागते आता. गेल्या खेपंला गेले तर दुपार कलली व्हती आन् ही झोपलेली. मी हाक मारली, डोळं उगडून म्हनली, आत्या, कधी आलात. मी म्हनलं, बाय, झोप लागती का आता. तर म्हनली, लागते आत्या, खूप लागते. गोळी नाही घेतली तरी लागते. पण उठावंसं वाटत नाही. उठून कुठं जायचं?

मी म्हनलं, ऊठ, माझ्यासाठी च्या टाक, मला गाडी गाठायचीय. ती उठली बिचारी, भावजयीच्या चुलीवर च्या टाकला, साखर टाकायला इसरली, आन् मी त्यो तसाच पिले. निघताना माझ्या पाया पडली. मी तोंडातल्या तोंडात काय तरी पुटपुटले, अखंड सौभाग्यवती म्हनायची सोय राहिली न्हाई, शिकून मोठी हो म्हनायची राहिली न्हाई. सुखी राहा म्हनले आन् वाटंला लागले.

आमच्या आळीत देऊळ हाय, सांजचं कामावरनं येताना मी हात जोडते. पयलं मी तिच्यासाठी झोप मागायची, रोज मागायची. ती तर देवानं दिली. आता हात जोडून हुभी राहते, ताई, पन काय मागावं तेच उमगत न्हाई. मंग तशीच घरी येते.