फळीवरची राणी

लीना : नीट आठवा, बाबा. काल किती अंडी होती?

गुरुप्रसाद : काल बारा. परवा सतरा असावीत. की बारा परवाच होती? वहीत लिहिलंय, पण माझंच अक्षर मला लागत नाही. आज मात्र एकही नाही.

लीना : मुंग्यांनी दुसरीकडे नेली असतील.

गुरुप्रसाद : स्पृहाच्या मुंग्यांचं घर म्हणजे बोटाएवढी काचेची नळी. एका टोकाला पाणी, दुसऱ्याला कापूस. नेणार कुठे? मी भिंगातून पाहिलं, लीना. राणीनं अंडं तोंडात धरलं. मला वाटलं, पुसतेय. ती खात होती.

लीना : स्वतःचं?

गुरुप्रसाद : मलाही तसंच वाटलं, स्वतःचं? मग वाटलं, आपल्याला दिसण्यात काही चूक झाली.

लीना : स्पृहाची बस सखीरच्या वाळवंटातून निघालीय. शिबिरातून दमून येईल पोरगी. आज सांगूच नका. विचारलंच तर म्हणायचं, अंडी कमीच होती.

गुरुप्रसाद : जाताना तिनं मोजून दाखवली होती मला. म्हणाली, आजोबा, आईला घाई असते, बाबांचा पाय लागतो, तुम्ही आवाज करत नाही. पाच दिवस तुम्हीच बघा.

लीना : मग केलंत काय तुम्ही?

गुरुप्रसाद : तेच कळत नाही. नेटवर लिहिलंय, राणीला धोका वाटला की ती असं करते. पण धोका कसला? मी शिंकायलासुद्धा बाल्कनीत जात होतो.

लीना : नळी स्पृहाच्याच खोलीत होती ना?

गुरुप्रसाद : पहिल्या दिवशी. मग तिथला एसी बंद पडला. एसीवाल्या तौकीरला फोन केला, तो म्हणाला, "बाबाजी, कल, इंशाल्ला." तो कल काही उगवला नाही. खोली तापली, म्हणून नळी देवघराच्या खालच्या फळीवर ठेवली. गार, अंधारी जागा. चांगलं केलं असं वाटलं होतं.

(दाराची बेल. स्पृहा पाठीवरची सॅकही न उतरवता आत येते आणि भिंग उचलून देवघराच्या फळीवरच्या नळीत पाहते. गुरुप्रसाद उभे राहतात, पुन्हा बसतात.)

स्पृहा : Eggs कुठे गेली?

लीना : अगं, आधी हातपाय तरी धू.

गुरुप्रसाद : राणीनं खाल्ली. माझ्याकडे असताना. तुझी आई म्हणते आज सांगू नका, पण मला जमणार नाही.

स्पृहा : कोणी shelf हलवलं?

गुरुप्रसाद : नाही. म्हणजे, हलवलं नाही. सकाळी आरती होते तेवढीच.

स्पृहा : घंटा?

गुरुप्रसाद : घंटा हातात. दुसऱ्या हातानं फळीवर ताल धरतो. सवय आहे.

स्पृहा : आजोबा, त्यांना आवाज पायातून कळतो. तुम्ही त्यांच्या घरावर drum वाजवत होता. किती वेळ?

गुरुप्रसाद : पूर्वी पाच मिनिटं. हल्ली... अर्धा तास होत असेल. एक आरती संपली की दुसरी. मग पुन्हा पहिली.

लीना : अर्धा तास? शनिवारी आम्ही घरी असतो तेव्हा तर तुम्ही पुटपुटून उरकता.

गुरुप्रसाद : तेव्हा तुम्ही असता ना. तुम्ही दोघं सीफला ऑफिसात गेलात, ही शाळेत गेली की घरात फ्रिजचाच आवाज. मला कळलं नाही गं. इतकी वर्षं पुस्तकं वाचली, त्यात हे कुठे नव्हतं.

लीना : बाबा, बोलायचं होतंत.

गुरुप्रसाद : काय बोलणार? तक्रार म्हणावी असं काही नव्हतं.

स्पृहा : राणी पुन्हा eggs घालेल. Maybe. मला माहीत नाही.

गुरुप्रसाद : रागावलीस?

स्पृहा : हो.

गुरुप्रसाद : मग नळी उद्यापासून आईकडे दे.

स्पृहा : आई विसरेल. तुम्हीच ठेवा, तुमच्या पुस्तकांच्या कपाटात. आणि कोणी नसेल तेव्हा हवं तितकं बोला तिच्याशी. बोललेलं तिला ऐकू येत नाही. फक्त कपाटाला हात लावू नका.