पट्टा कुठं बांधायचा

हॅलो? …हो अक्का, बोल. …येतोय गं आवाज, अंगणातच हाय मी. खाटंवर बसलेय. …मांडी घालून? मांडी कुठली गं, तीन महिने झाले भुईला टेकले न्हाई मी.

…कुठलं बरं! उलट वाढलंय. कूस बदलायची म्हनलं तरी जांघंत आसं कचकन होतंय, जीव जातोय निस्ता. परभणीच्या दवाखान्यातल्या शुभदा मॅडम म्हनल्या होत्या ना, बाळंतपनात कमरंच्या हाडांचा सांधा ढिला झालाय, व्यायामानं आवळंल? त्यो अजून ढिलाच हाय.

…हो, हो… अगं करायलेय ना! गुडघ्यात उशी धरून दाबते, दहा-दहा येळा. मॅडमनं दिलेला पट्टाबी बांधते. आंघोळीला तेवढा सोडते. …आता हाय की अंगावर.

…कुठं म्हंजे? पोटावर. …बेंबीपाशी, गच्च. …मग कुठं बांधायचा?

…काय? …कमरंच्याबी खाली? …अगं पन बाळंतिनीचं पोट बांधत्यात तसाच आईनं बांधून दिला. इकडं सासरी आल्यावर आत्याबाईंनी अजून आवळला. मला वाटलं, आपन लुगडं गुंडाळतो, त्याच्यासारखंच हे दवाखान्यातलं.

…दाखवला आसंल गं मॅडमनं. मी रडत होते त्या दिशी, माझं ध्यान कुठं होतं? …दीड महिना, अक्का. दीड महिना भलत्याच जागी आवळून बसले. …वर आवळल्यानं खाली जोर आला आसंल का? …सांग की खरं. …हं.

…आता न्हाई जमत परभणी. एस्टीची पायरी चढायला पायच उचलत न्हाई. मागं जीपनं गेले, तर दोन दिस अंथरुणातच. हे म्हनतेत, एवढं करून फरक न्हाई, पुन्हा कशाला? काय बोलू त्यास्नी? फरक माझ्याच हातानं घालवला मी.

…अगं ऐक ना. लेकीला उचलून मी अजून चार पावलं चालले न्हाई. कुनीतरी आनून देतंय, मी पाजते, पुन्हा घेऊन जातंय. आसली कसली आई गं?

…थांब, थांब. उठली वाटतं… रडायलीय. पाळना आत हाय. …न्हाई, ठेवू नको, तू धर. मीच जाते. …आई गं! …काही न्हाई, चौकट धरली. …आले गं माय, आले… दोनच पावलं…

…आत्याबाई आल्या मागच्या दारानं. …घेतलं त्यांनी.

…गप झाली.

…न्हाई गं, लय चांगल्या हायत त्या. सासू म्हनून नाव ठेवावं आसं काही न्हाई. पन लगीच गप झाली, अक्का. खांद्यावर मान टाकली. मी इथं समोर उभी, माझ्याकडं बघितलंबी न्हाई.

…नको, आज नको समजावू. …न्हाई रडत. …उंबऱ्यातच हाय अजून. पुढं जाऊन काय करू? अन् मागं फिरायला पाय उचलंना. ठेवते.