श्रावणात या

हवा बघून लेक देणारा बाप तुम्ही पाहिला नसेल. आमच्या अप्पांनी दिली.

ताईला लहानपणापासून दमा. रोह्याचं स्थळ आलं तेव्हा अप्पा म्हणाले, "पोरगा चांगला हाय, पण तिथं कंपन्यांचा धूर. आधी घर बघून येऊ."

व्याह्यांनी बोलावलं ते भर श्रावणात. आठ दिवसांच्या पावसानं सगळं धुऊन निघालेलं. अप्पांनी गच्चीवर छातीभर श्वास घेतला.

"आमच्याकडे बारा महिने अशीच हवा," व्याही म्हणाले. तिथल्या तिथे सुपारी फुटली.

जानेवारीत ताईचा फोन आला. "अप्पा, दोरीवरचे कपडे काढले तर हात काळे झाले. खोकून जीव चाललाय."

अप्पा तडक रोह्याला. "फसवलंत तुम्ही!"

व्याही म्हणाले, "फसवलं नाय हो, चांगल्या दिवसात बोलावलं फक्त."

अप्पांनी रागारागात ताईला हवापालटासाठी आमच्या रामवाडीला आणलं. आमचं घर हायवेला लागून. ओटीवरच्या खुर्च्यांवर बोटभर धूळ. दोन दिवसांत ताईचा खोकला दुप्पट झाला.

तेवढ्यात धाकटीसाठी एका स्थळाचा फोन आला. "रविवारी मुलगी बघायला येतो. फक्त आमच्या मुलाला धुळीचा त्रास आहे. तुमच्याकडे हवा कशी?"

ताई खोकायला लागली, तसा अप्पांनी फोनवर हात धरला. ती थांबल्यावर म्हणाले, "हवा ना? बारा महिने झकास! पण तुम्ही असं करा, श्रावणात या."